दारातून गेलेली वायर

गल्लीत तिला सगळे हवालदार म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. आधी ती खोक्यांच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला, तेव्हा तिने कानाला हेडफोन लावला आणि घरात बसून एका कंपनीचे फोन घ्यायला लागली. कपडे धुवायची मशीन बिघडलेल्या लोकांचे फोन. लोक शिव्या घालत आणि ही गोड आवाजात म्हणे, "तुमचा त्रास मी समजू शकते." तिचा सगळा गोडवा तिथेच संपायचा. घरच्यांच्या वाट्याला काही उरत नसे.

घर दोन भावांचं. सासरे गेल्यावर वाटणी झाली, ती दोघांनाही पटली नाही; म्हणजे बहुधा बरोबर झाली असावी. मधलं दार ही हद्द ठरली. पलीकडे थोरले दीर आणि जाऊबाई, अलीकडे ही आणि नवरा. भांडी वाटली, खाटा वाटल्या, पायपुसणीसुद्धा वाटली. वाटता आलं नाही ते इंटरनेट. कनेक्शन दिरांच्या बाजूने घरात शिरत होतं, राउटर त्यांच्या फळीवर होता. तिथून एक वायर मधल्या दाराच्या फटीतून हिच्याकडे येऊन भिंतीवरच्या एका डबीत शिरली होती. डबीवर हिरवा दिवा. दिवा पेटलेला असला की हिची नोकरी चालू.

हल्ली तो मधेच विझत होता. समोरचा माणूस तावातावाने बोलत असायचा आणि आवाज तुटायचा. कंपनीला वाटायचं हिनेच फोन आपटला. त्या दिवशी सकाळी वरच्या मॅडमनी स्वच्छ सांगितलं, "आज पाळीत लाइन एकदा जरी गेली, तर उद्या लॉगिन करायचे कष्ट घेऊ नका." नवऱ्याच्या गाडीला कधी भाडं मिळे, कधी नाही. घर चालत होतं ते हिच्या फोनवर.

दोष कुठे आहे याबद्दल तिला शंका नव्हती. दोष पलीकडे राहत होता. भांडण झालं की दिवा विझतो, हे तिने नीट पाहून ठेवलं होतं. भांडलं की भाऊजी फळीपाशी जाऊन वायर उपटतात, दुसरं काय? तिच्या हातात राउटर असता तर तिनेही तेच केलं असतं.

वायरमन येऊन गेला होता. त्याला दोन्हीकडे बघता यावं म्हणून मधलं दार सताड उघडलं. त्याने वायर तपासली, डबी तपासली.

"चालू आहे की ताई."

"आता आहे. मघाशी नव्हती."

"मघाशी मी नव्हतो ना." तो हसला आणि पिशवी उचलून निघाला.

दिरांना तेवढंच हवं होतं. ते जाऊबाईंकडे वळले. "बघ. वायर चांगली, डबी चांगली. बिघाड हिच्या डोक्यात आहे."

"तुमच्या हातात आहे, भाऊजी. हात आवरा."

यावर दार आपटलं गेलं आणि दिवा विझला. महिनाभर हे असंच.

त्या सकाळी मॅडमचा फोन ठेवला आणि तिने दारावर मूठ मारली. जाऊबाईंनी दार उघडलं.

"काय गं, दार मोडतेस का?"

"आज माझ्या पाळीत कोणी वायरीला हात लावला, तर बघा."

"तुझ्या वायरीला कोण हात लावतंय? आम्हाला काय कामंधामं नाहीत?"

"दिसतात ना कामं. दिवसभर फोनवर सिनेमे."

जाऊबाईंनी दार ओढून धाडकन लावलं आणि वरची खिटी सरकवली. हिने मागे वळून डबीकडे पाहिलं. दिवा विझलेला.

आणि ती पहिल्यांदाच थांबली. जाऊबाई अजून दारालाच टेकून बडबडत होत्या. फळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग वायर उपटली कोणी?

कारखान्यात मशीन अडली की आरडाओरडा करणारे वेगळे आणि वाकून बघणारे वेगळे. ती दुसऱ्या जातीची होती. या महिनाभरात ते विसरली होती, इतकंच. ती खाली बसली. दार नुसतं लोटलेलं असलं की चौकटीशी बोटभर फट राहायची आणि वायर त्यातून आरामात जायची. आता दार खिटीने घट्ट ओढलं गेलं होतं आणि वायर चौकटीत चेपली होती. चेपलेल्या जागी तिचं वरचं कातडं पांढरं पडलं होतं. तपासायचं म्हटलं की प्रत्येक वेळी आधी दार उघडलं जायचं. दार उघडलं की आत सुटलेली तांब्याची तार परत जुळायची.

खात्री करायला मात्र परत भांडायला लागणार होतं. तिने दार ठोठावलं. या वेळी दीर आले. दार उघडलं, दिवा लागला.

"भाऊजी," ती डबीकडे बघत म्हणाली, "वाटणीत तुम्ही आम्हाला फसवलंत."

"तोंड सांभाळ!"

"सगळी गल्ली म्हणते."

धाड. खिटी. दिवा विझला.

"भाऊजी, परत एकदा उघडून आपटा."

पलीकडून जाऊबाईंचा दबका आवाज, "अहो, उघडू नका. हिचं काही खरं नाही."

तिने दाराआडूनच सगळं सांगितलं. शांतपणे सांगितलं, म्हणजे तिच्या मानाने. दिरांनी ऐकून घेतलं.

"मग वायर दुसरीकडून ने."

"भिंतीला बारीक भोक पाडते."

"भिंतीला हात लावायचा नाही."

"मग खिटी लावू नका."

"लावणार. माझ्या घरात काय लावायचं, ते मी ठरवीन."

पाळी सुरू व्हायला वेळ थोडा होता. दुसऱ्या कोणी रडून घेतलं असतं. तिने पेचकस आणला. बिजागऱ्या लांब पट्टीच्या होत्या आणि हिच्या बाजूला होत्या. स्क्रूंच्या खाचांत रंग साचून दगड झाला होता. तिने तो खिळ्याने एकेका खाचेतून खरवडून काढला. घाईने पेचकस लावला असता तर खाच मोडली असती. दाराखाली लाकडाची पाचर ठोकली, भार पाचरीवर घेतला. आधी खालची बिजागरी सोडवली, मग वरची.

"काय चाललंय तिकडे?" दिरांनी खिटी काढली आणि अख्खं दार हिच्या खांद्यावर आलं. ती पाय रोवून उभी होती. तिने ते तोललं, दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकवलं आणि तळवे पुसले. दिवा हिरवा.

वाटणीनंतर प्रथमच दोन्ही खोल्या एकमेकींना आरपार दिसल्या.

"दार लाव!" दीर ओरडले.

"पाळी संपल्यावर."

तिने हेडफोन चढवला. पहिलाच फोन कोणा खवळलेल्या गृहस्थाचा. मशीनमधून पाणी गळतंय, तुम्ही लोक झोपा काढता का, वगैरे. दीर उंबऱ्यात हात कमरेवर ठेवून उभे होते. ती थेट त्यांच्या डोळ्यांत बघत मधाळ आवाजात म्हणाली, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"नाटकी," जाऊबाई म्हणाल्या.

तिने माइकवर हात ठेवला. "हळू बोला, नोकरी चालू आहे." हात काढला. "हो सर, ऐकतेय ना. पाणी पुढून गळतंय की मागून?"

थोड्या वेळाने पलीकडे काहीतरी खरडत सरकू लागलं. दोघं नवराबायको धापा टाकत लोखंडी कपाट ओढत होते. कपाटाची पाठ हिच्याकडे करून त्यांनी ते बरोबर दाराच्या जागी उभं केलं. त्यांची खोली दिसेनाशी झाली. हिने बोलता बोलता मान वाकडी करून खाली पाहिलं. कपाटाला चार पाय होते. वायर त्यांच्या मधून मोकळी गेली होती.

"अजून जरा डावीकडे सरकवा, भाऊजी," ती माइक झाकून म्हणाली. "तिकडून उजेड येतोय."

"गप बस!" कपाट म्हणालं.

तिने पुढचा फोन घेतला.