चंपक्कांनी रंगवलेली चावडी

होसकोट्याजवळच्या आमच्या गावची शंभर वर्षांची चावडी शेजारच्या चंपक्का रोज झाडतात. दुरुस्तीला सरकारी अनुदान मिळायचं होतं, म्हणून बेंगळुरूहून इंजिनिअर पाहणीला येणार होते. पाहुण्यांना कळकट भिंत कशी दाखवायची? चंपक्कांनी आदल्या दिवशी ती गुलाबी रंगवून टाकली.

इंजिनिअर बुचकळ्यात पडले. "अक्का, अनुदान जुन्या इमारतीला असतं. ही तर नवी दिसते!"

चंपक्कांचा चेहरा पडला. मग त्या म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प मागे चला. पाहुणा तिकडे कशाला जाईल, म्हणून मागे रंग लावलाच नाही."

मागे चुना गळालेला, भेगांत पिंपळ उगवलेला. इंजिनिअर हसत हसत फोटो काढत राहिले.

अनुदान मंजूर झालं. पहिलं काम निघालं गुलाबी रंग खरवडण्याचं. चंपक्का तिथेच उभ्या राहून गवंड्यांवर ओरडतात, "सावकाश रे, दोन हात मारलेत मी!"