सावडीचा गड

माझा गड गेला तेव्हा घरात सगळ्यात आधी हसले ते आमचे हे. पोट धरून हसले. “फोनातला गड गेला म्हणून कोण जेवायचं सोडतंय काय गं?” असं म्हणाले आणि माझ्या ताटातला सुक्या बांगड्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला. सासूबाई कशाला मागं राहतील! “सुतक किती दिवसांचं धरायचं, तेवढं सांग,” म्हणाल्या. मी ताट सरकवून उठले. त्यांना काय सांगणार, कप्पाळ!

पाच वर्षं मी तो खेळ खेळत होते. गड बांधायचा, बुरूज चढवायचे, दुसऱ्याचा गड फोडायचा आणि आपल्या टोळीतल्या माणसांना राखायचं. आमच्या टोळीत चाळीस जण होते. कुणी नाशिकचा, कुणी हुबळीचा, एक तर दुबईत गाडी चालवणारा. त्या चाळीस जणांची लीडर मी. गुंद गावाच्या वरच्या अंगाला, रानातल्या चार घरांच्या वस्तीत राहणारी, बारावीपर्यंत शिकलेली बाई. घरात मला कुणी काही विचारत नाही. कुठल्या खाचरात काय लावायचं, पोराला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं ठरून गेल्यावर माझ्या कानावर येतं. तिथं मात्र लढाईच्या आधी चाळीस माणसं थांबायची, “ताई काय म्हणतात बघू” म्हणून. मला तेवढंच हवं होतं. खोटं कशाला बोलू, त्या “ताई”वर माझा जो जीव होता तो घरातल्या कुठल्याच हाकेवर नव्हता.

पण त्या खेळाची एक खोड होती. रोज हजेरी लावावी लागायची. दोन दिवस गेला नाहीत की गड लुटलाच समजा. आणि आमच्याकडं रेंज मिळते ती घरामागचा चढ चढून, काजूच्या झाडांपलीकडच्या कातळावर. लावणीच्या दिवसांत सकाळी सातला चिखलात उतरलेली बाई कातळावर जाणार कधी?

मग आम्ही शेतात जे करतो तेच केलं. सावड. आमच्या वस्तीत मजूर लावून भात कुणी लावत नाही. आज तुमच्या खाचरात आमचे हात, उद्या आमच्या खाचरात तुमचे. माझी धाकटी जाऊ वाटणी झाल्यापासून भिंतीपलीकडं राहते, पण वाटणीनंही आमची सावड मोडली नव्हती. तिच्या वाटचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, मी लावायचे, आणि तेवढ्या वेळात ती कातळावर बसून माझा गड राखायची. पावसासाठी डोक्यावर खोळ, पायाला जळवा, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत माझा फोन. तिचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. खेळायची मात्र झकास. माझ्यापेक्षा चांगलं खेळायची, पण हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. टोळीला तर तिचा पत्ताच नव्हता. “ताई, काल काय खेळलात!” असं कुणी लिहिलं की मी “आभारी आहे” म्हणून मोकळी.

यंदाच्या पावसात आमची टोळी पहिल्यांदा अखेरच्या लढतीपर्यंत पोचली. रविवारी दुपारी चारला लढत. सकाळी भाकऱ्या उरकून आम्ही दोघी कातळावर गेलो, तर पडद्यावर गडच नाही. नुसता करडा रंग आणि मजकूर. तुमच्या खात्यात संशयास्पद प्रकार आढळला आहे. कधी एका पद्धतीनं खेळ होतो, कधी दुसऱ्या. माणसाऐवजी यंत्र खेळत असल्याचा संशय आहे. खातं थांबवलं आहे. तुमची बाजू मांडायची असेल तर खाली लिहा, संधी एकदाच.

मी तो मजकूर तीनदा वाचला. जाऊबाई मात्र शांत. “अक्का, खरं हाय ते लिव की. आपण काय कुणाचं चोरलंय व्हय?”

मलाही ते पटलं. पटलं कसलं, मी फुगलेच! उरलंसुरलं इंग्रजी गोळा करून अर्धं पान लिहिलं. यंत्रबिंत्र काही नाही, आम्ही दोघी जावा आहोत. मी शेतात असते तेव्हा ती खेळते, मी तिच्या शेतात राबते. आमच्याकडं पूर्वीपासून अशीच रीत आहे, हवं तर गावात कुणालाही विचारा. वर आणखी, ती माझ्याइतकीच प्रामाणिक आहे, हेही लिहिलं. ते वाचून दाखवल्यावर जाऊ लाजली. आता आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते. कंपनीला रीत सांगायला गेले होते, शहाणी!

दहा मिनिटांत उत्तर आलं. यंत्राचा संशय त्यांनी मागं घेतला. पण दुसऱ्या माणसाच्या हातात खातं दिल्याचं तुम्ही स्वतःच कबूल केलं आहे, आणि ते नियमात बसत नाही. खातं कायमचं बंद. या निर्णयात बदल होणार नाही. आमच्याबरोबर खेळल्याबद्दल धन्यवाद. आणि त्याच्याखाली एक हसरं तोंड. ते हसरं तोंड बघून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की फोन दरीत भिरकावून द्यावा. खोटं बोलले असते तर कदाचित वाचले असते. खरं बोलले आणि स्वतःच्या हातानं गड बुडवला.

टोळीला खेळातच सूचना गेली होती, लीडरचं खातं दुसऱ्याला खेळायला दिल्याबद्दल बंद. आमचा फोनवर वेगळा ग्रुप होता, त्यात मी सगळं लिहायला घेतलं. मी लिहितेय तोवर त्या नाशिकवाल्यानं टाकलं, “पाच वर्षं दुसऱ्याच्या जिवावर ताईगिरी केली.” या माणसाला मी पहिला बुरूज बांधायला शिकवला होता. एकानं विचारलं, मग आजवर चांगलं खेळायचं ते कोण, ही की दुसरं कुणी? त्यावर हसण्याच्या खुणांची रांग लागली. माझं लिहून व्हायच्या आत त्यांनी मला ग्रुपमधून काढलं. चारला लढत झाली आणि ते जिंकले. ते हरले असते तर मला चार घास गेले असते, इतकी मी वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या पडवीत बसले होते. जाऊ चहा घेऊन आली, जवळ टेकली. “अक्का, जीवाला लावून घेऊ नगं. नवीन काढूया की. मी जाते रोज कातळावर. दोन वर्सांत परत उभा करू.”

तिच्या तोंडावर उमेद होती. तीच मला सोसली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

“तू हात लावू नको,” मी म्हणाले. “तुज्या हाताला आजवर टिकलंय काय? दोन पोरं पोटातच गेली, आता माजा गड.”

 तिनं कप माझ्यापुढं ठेवला, सांडू न देता, आणि भिंतीपलीकडं निघून गेली. मी तो चहा प्यायलेसुद्धा.

तिसऱ्या दिवशी माझ्या खाचरात लावणी होती. ती येणार नाही असंच मी धरून चालले होते. सगळ्यांच्या आधी ती बांधावर हजर. सावड होती ना. दिवसभर माझ्या शेजारी वाकून तरवा लावला तिनं, ओळी सुतात धरल्यासारख्या. बाकीच्या बायकांशी हसत बोलत होती. मी काही विचारलं की तेवढ्यापुरती मुकी. अणशी घाटाकडनं पावसाची सर चढून आली तरी ती थांबली नाही.

संध्याकाळी ओहोळावर पाय धुताना आम्ही दोघीच उरलो. मी धीर केला. “चुकलं गं माजं. रागात बोलून गेले. मनात तसलं काय न्हवतं.”

ती पिंढरीचा चिखल धूत राहिली. मग म्हणाली, “रागात न्हाई, अक्का. तरव्याची पैली मूठ तू मला कवा लावू दिलीयास? आज बी न्हाई. म्हटलं, शेताचं ऱ्हाऊ दे, पोरं जगल्याल्या बाईनंच पैली मूठ लावायची, ही रीत हाय. पर त्या खेळात? नवा बुरूज काढायचा म्हटलं की पैला दगड ठेवायला फोन माज्या हातातनं काढून घ्यायचीस. पुढचं सगळं मी बांधायचं. पाच वर्सं. मला कळत न्हवतं व्हय?”

मी लीडर होते म्हणून, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण ते त्यासाठी नव्हतं. कशासाठी होतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिनं खोळ झटकली, डोक्यावर घेतली आणि चढाला लागली.