आधी माझ्या जिभेवर

अण्णा गेल्याचा फोन परतूरला आमच्या शेजारच्या किराणा दुकानात आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो रडण्याचा नव्हता. मी विचारलं, "पाहिलं कोणी?" पलीकडे अण्णाचा जावई होता. तो बिचारा गोंधळला. "आत्या, म्याच पाहिलं न. जेवून बाजंवर पडले व्हते, उठवाया गेल्तो तर..." तरी माझं समाधान होईना. डॉक्टर कोण आला, त्यानं नीट तपासलं का, असं मी विचारतच राहिले. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, की हा स्वभाव मी ज्याच्याकडून घेतला त्याच्याच मरणाच्या बातमीवर संशय घेत होते. तिथे दुकानाच्या पायरीवर बसून मी रडले.

माहेरी हसनाबादला पोचले तेव्हा अण्णा, माझा थोरला भाऊ, जमिनीवर निजवलेला होता. डावा हात धोतरावर होता आणि त्या हाताच्या करंगळीवर शाईचा फिकट जांभळा डाग होता. बाहेरगावहून आलेली एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली, "मतदान तर कव्हाच झालं, म्हाताऱ्यानं पुन्यांदा केलं का काय?" त्या अवस्थेतही मला हसू येऊ पाहत होतं. पंचवीस-तीस दिवस झाले. त्या डागाची गोष्ट सांगावी म्हणून हे लिहायला बसले आहे.

अण्णा कुणावर विश्वास ठेवत नसे. बाजारात टरबूज घेताना तो टरबूज पाहत नसे, विकणाऱ्याचं तोंड पाहत असे. एस.टी.त बसला की कंडक्टरला दोनदा विचारणार, आणि मग शेजारच्याला विचारणार की कंडक्टर खरं बोलून राह्यला का. पण त्याची एक रीत मला फार आवडायची. सरकीच्या पेंडीचं नवं पोतं आलं की तो त्यातला तुकडा आधी स्वतःच्या जिभेवर ठेवी. जरा वेळ तोंड वाकडं करून बसे आणि मग टोपली बैलापुढे सरकवी. मी लहानपणी विचारलं होतं, "किडे असले तर?" तो म्हणाला, "असले तर मलाच कळतील न आधी. त्याला कुठं बोलता येतं?"

हा संशय काही आभाळातून पडला नव्हता. जबरदस्तीच्या नसबंदीची ती वर्षं अजून लोक विसरलेले नाहीत. अण्णा तेव्हा ऐन पंचविशीत. लेक सुमन रांगत होती. बाजारातून जीपमध्ये घालून त्याला नेलं, तापाची सुई आहे म्हणाले, आणि संध्याकाळी तो तुपाचा डबा घेऊन घरी आला. आईनं विचारलं, "तूप कुठलं रे?" दुसऱ्या दिवशी ते तूप त्यानं उकिरड्यावर ओतलं. वहिनी पुढे लवकर गेली, सुमन एकटीच राहिली. रिकामा डबा मात्र गोठ्यात बरीच वर्षं होता, त्यानं वासरांना पाणी पाजायचे. घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नसे, पण डबा सगळ्यांना दिसायचा.

एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला शाळेत लस टोचायला माणसं येत, त्या दिवशी सुमन हमखास शेतात असायची. पुढे तिचं लग्न झालं, जावई घरीच राहिला, आणि चिमी जन्मली. सुमननं तिला एकही लस दिली नव्हती. म्हणजे अण्णानं देऊ दिली नव्हती. मग पोलिओच्या डोसाचे रविवार सुरू झाले. शाळेत जो येत नाही त्याच्या घरी अंगणवाडीच्या बाई येत. डोस घेतलेल्या लेकराच्या डाव्या करंगळीला शाई लावत आणि दारावर खडूची खूण करून पुढे जात.

एकदा त्या दिवसांत मी माहेरी होते. गावात कोणीतरी आवई उठवली होती, की डोस न देणाऱ्या घराचं रॉकेल बंद होणार. बाई म्हणत होत्या की तसा काही हुकूम नाही, पण ऐकतो कोण! अण्णा ओट्यावर उभा राहून त्यांच्याशी भांडत होता. "चीज चांगली असंल तर धमकी कायला देता? अमृत कोणी मुंडी धरून पाजतं का?"

बाई म्हणाल्या, "अण्णा, एका लेकराचा आजार गल्लीभर जातो. तुमच्या एकट्याचा सवाल न्हाई हा."

"तव्हाही आसंच म्हणले व्हते. देशाचा सवाल हाय म्हणले."

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं. सुमन मात्र आतून म्हणाली, "अण्णा, तुमच्यावर जे झालं ते झालं. त्याचा बदला माझ्या लेकीच्या पायावर कायला घेता?" अण्णा तिच्याकडे पाहतच राहिला. तिनं बापाला असं कधी सुनावलं नव्हतं.

बाई उद्या पुन्हा येते म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी सुमन पाण्याला गेली असताना अण्णानं आपलं डोकं चालवलं; हे मला मागाहून कळलं. शाईची खूण पाहून बाई परत जातात न, मग खूणच करू! पण साधी शाई धुतली की जाते. त्याला डाग पक्का पाहिजे होता, आणि आमच्याकडे पक्का डाग म्हणजे बिब्बा. परीट कपड्यावर खूण घालतात तो. अण्णानं बिब्ब्याला दाभण टोचलं, दिव्यावर धरलं, आणि काळं तेल चिमीच्या करंगळीला लावलं. बाईंनी लांबूनच करंगळी पाहिली, शाळेत पाजून आणलं असेल असं समजून दारावर खूण केली आणि गेल्या. सुमन परतली तेव्हा अण्णा तिला म्हणाला, "पाजला बघ डोस." ती इतकी खूश झाली, की मलाच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. कोवळी कातडी ती... करंगळीला फोड आले, हात मनगटापर्यंत सुजला, पोरगी तापानं फणफणली. गल्लीतल्या बाया जमल्या आणि दुपारपर्यंत गावभर झालं, की डोसानं अण्णाच्या नातीचा हात सुजला. बाई विचारपूस करायला आल्या तर त्यांना वेशीवरच अडवलं, नको ते बोलले. बायांनी लेकरं शेतात पाठवून दिली. सुमन स्वतःला दोष देत रडत होती.

मी चिमीचा हात नाकाशी नेला. आई टाचेच्या भेगांना बिब्ब्याचा चटका द्यायची, तो वास मी ओळखते. चिमीच्या हाताला खोबरेल लावता लावता मी हळूच विचारलं, "अण्णा, फडताळातले बिब्बे कुठं हायेत?" तो भिंतीकडे तोंड करून बसला. तसाच म्हणाला, "मंजे, लोक म्हणतील, हा बी त्यांच्यावाणीच निघाला. फसवून लेकराला इजा करणारा." मी म्हटलं, "आणि न बोललास तर?" तो उठून गोठ्यात गेला.

सकाळी दूध घालायला सगळा गाव डेअरीवर येतो. अण्णा तिथे गेला, मागोमाग मी. त्यानं खिशातून बिब्बा काढून सगळ्यांना दाखवला. "डोस न्हाई, ह्यो व्हता. म्या लावला माझ्या हातानं. पोरीला अजून डोस पाजलाच न्हाई." सुमन कॅन घेऊन तिथेच उभी होती. तिनं तो खाली ठेवला आणि ती घरी निघून गेली.

मला वाटलं होतं, लोक आता ऐकतील. पण हे आमचं गाव! मागून एक जण म्हणाला, "काय अण्णा, आसं बोलायला दुसरा तुपाचा डबा भेटला का काय?" आणि सगळे हसले.

अण्णाचा चेहरा मी त्या वेळी पाहिला, पुन्हा पाहू नये असा. तो सरळ वेशीपलीकडे बाईंच्या घरी गेला, त्यांना डोसाच्या डब्यासकट मारुतीच्या पारापर्यंत घेऊन आला आणि मोठ्यानं म्हणाला, "आधी माझ्या जिभेवर." बाई म्हणाल्या, हा डोस लेकरांचा असतो, मोठ्यांना देत नाहीत. तो म्हणाला, "पेंड बी बैलाचीच असती." शेवटी बाईंनी दोन थेंब टाकले. नियमात बसत होतं की नाही, देव जाणे. अण्णानं तोंड वाकडं केलं, करंगळी पुढे करून शाई लावून घेतली आणि पारावर बसून राहिला. लोक जाता येता त्याच्याकडे पाहत होते, याला आता काय होतं म्हणून. ऊन डोक्यावर आलं तरी काही झालं नाही. तेव्हा सुमन चिमीला कडेवर घेऊन आली. बापाशी ती एक अक्षर बोलली नाही. चिमीनं तोंड उघडलं. मग दुसरी एक बाई आली, मग तिसरी.

सुमननं बरेच महिने अण्णाशी अबोला धरला. तो चुकला होता आणि त्याला ते माहीत होतं. पण सक्तीचं नाव काढलं की तो पुन्हा पेटायचा. "जबरदस्ती करून पाहा बरं, बिब्बे संपले न्हाईत अजून!" त्यानंतर दर वेळी पहिले दोन थेंब त्याचे ठरले. मागची वेळ चांगली गेली म्हणून ह्या वेळचा माल चांगलाच असेल, असं मानणारा तो नव्हता.

मागच्या रविवारी मी हसनाबादला होते. बाई दारात आल्या. चिमीची धाकटी बहीण रेणू ओठ घट्ट मिटून उभी राहिली. सुमननं समजावलं, बाईंनी चुचकारलं. तिनं रिकाम्या बाजेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आधी आजोबाला." सुमन पदर तोंडाला लावून आत गेली.

मी पुढे होऊन तोंड उघडलं. मनात आलं, काय असेल ह्यात, कोणी तपासलं असेल... मग जिभेवर दोन थेंब पडले, कडवट. मी करंगळी पुढे केली.

रेणू लगेच हलली नाही. तिनं माझं तोंड नीट निरखलं, सावकाश, डोळे बारीक करून, टरबूज विकणाऱ्याचं निरखावं तसं. मी तशीच उभी राहिले. मग तिनं तोंड उघडलं.