आपाची भिडू

समुद्रावर जायचं आमच्या गल्लीतल्या नर्स सिस्टरनं ठरवलं. सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्यावर तिला एकदा तरी खाऱ्या पाण्यात पाय बुडवायचे होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघी शिरूर कासारहून निघालो: सिस्टर, तिची जाऊ, आपा आणि मी. कोकणात समुद्राला लागून असलेलं एक घर तीन दिवसांसाठी घेतलं होतं. मला असल्या सहलींचा कंटाळा. पण आपा येणार म्हटल्यावर मी त्याच संध्याकाळी बॅग भरली.

आपा माझी शेजारीण. तिच्या घरचा फळांचा धंदा, माझी शाळेतली नोकरी, मधे एक भिंत. आमच्याकडे नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येतं, आणि येतं ते नेमकं मी शाळेत असताना. वीस वर्षं माझे हंडे आपाच्या अम्मींनी भरून ठेवले. गेल्या उन्हाळ्यात अम्मी वारल्या. निरोप आला तेव्हा मी घरीच होते. चपला पायात घातल्या आणि नळ फुसफुसला. बाराव्या दिवशी पाणी! एवढे दोन हंडे भरते नि जाते, म्हणत म्हणत मी टाकी भरली, बादल्या भरल्या, पातेलीसुद्धा सोडली नाहीत. पदराला हात पुसत आपाच्या दारात पोचले तर जनाजा निघून गेला होता.

"कावून आली न्हाई?" आपानं विचारलं.

"पाणी आलतं," मी म्हणाले.

त्यानंतर आपा माझ्याशी बोलली नाही. अम्मींच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला जायला मला तोंड नव्हतं. सहा महिने भिंतीपलीकडून तिच्या भांड्यांचे आवाज ऐकत काढले. आता या तीन दिवसांत तिची माफी मागायचीच, नाहीतर परत जाऊन त्या भिंतीशेजारी राहण्यात काही अर्थ नव्हता.

पण मागायची कशी? पहिल्या दिवशी सिस्टरनं पदर खोचायला लावून आम्हाला वाळूवर लंगडी खेळायला लावली. पन्नाशी ओलांडलेल्या चार बाया, दोन उड्या मारून धापा टाकत बसलो. जाऊबाई हसून हसून लोळायची बाकी होती. तिनं समुद्राचं पाणी बाटलीत भरून घेतलं, घरी दाखवायला. मला मात्र एका जागी बसवेना. आपा किनाऱ्यावर गेली की मी किनाऱ्यावर, ती स्वयंपाकघरात गेली की मी मीठ शोधायला तिथं. तोंड उघडायचे आणि "चहा टाकू का?" एवढंच विचारायचे. ती सिस्टरकडे बघून सांगायची, "तिला सांग, झालाय माझा." इतके चहा झाले की जाऊबाईला पित्त झालं.

दुसऱ्या दिवशी पत्त्यांचा मेंढीकोट मांडला. सिस्टरनं मुद्दाम आपाला नि मला भिडू केलं. या खेळात भिडूचा चेहरा वाचावा लागतो, आणि आपा पत्त्यांवरून नजरच उचलत नव्हती. माझं लक्ष कुठं? आपानं एक्का टाकून डाव जवळजवळ हातात घेतला होता, त्यावर मीच हुकूम मारला. स्वतःच्याच भिडूवर!

"तिला इचार," आपा सिस्टरला म्हणाली, "ती कुनाकडून खेळायलीय?"

पुढे हुकूम उरला नाही, आणि चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, समोरच्या जोडीकडे गेल्या. आमच्यावर कोट लागला आणि मला भयंकर राग आला, पत्त्यांचा, सिस्टरचा, सगळ्यात जास्त माझा.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर नि जाऊबाई शिंपले वेचायला गेल्या. संध्याकाळी गाडी निघणार होती. ओसरीवर आपा पत्ते आवरत होती. मी तिच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"आपा," मी म्हणाले, "अम्मी गेल्या त्या दिवशी..."

तिनं हातातले पत्ते खाली ठेवले. सहा महिन्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

आणि आत नळ फुसफुसला.

अंगाची वाळू धुवून धुवून आम्ही घराची टाकी रिकामी केली होती, आणि राखणदारानं आत्ता मोटर लावली होती. नळ मीच उघडा ठेवला होता, घरच्या सवयीनं. मी उठले कधी ते मला कळलंच नाही. भानावर आले तेव्हा न्हाणीत होते, नळाखाली बादली धरून. तिच्याशी बोलता बोलता उठले होते. मागं वळून ओसरीकडे बघायची हिंमत होईना.

तेवढ्यात शेजारी भांड्यांचा खणखणाट झाला. आपा उभी होती, कडेवर पातेलं, हातात कुकर. "सरक," ती म्हणाली. बादली भरली, पातेलं भरलं, कुकर, टोप, चहाची किटली, सगळं भरलं. मग दोघी तिथंच उंबऱ्यावर टेकलो, ओल्याचिंब.

"अम्मी असती तर तिनंबी आदी भांडंच उचललं असतं," आपा म्हणाली. तिनं किटलीचं झाकण लावलं. "पन तू यायला पायजे होतं."

मी तीन दिवस मनात लांबलचक भाषण घोकत होते. त्यात बारा दिवसांची कोरडी टाकी होती, माझी शाळा होती, अम्मींनी मला समजून घेतलं असतं असंही होतं.

"यायला पाहिजे होतं," मी म्हणाले. "चुकलं माझं, आपा." आणि मला रडू फुटलं.

आपा उठली नाही, जवळही आली नाही. पदरानं स्वतःचे डोळे पुसले.

"अम्मीचं वरीस भरलं की बरसीला सकाळीच ये," ती म्हणाली. "पानी आलं तरी."

"आलं तरी," मी म्हणाले.