आकाशातल्या दगडाची आंघोळ

"काका, हा तुमचा आकाशातला दगड. गंजला."

सचिनने प्लास्टिकचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. तो ओझरचा. नोकरी चाकणला, घरी फक्त रविवारी. वर्षापूर्वी त्याने माझ्याकडून उल्केची एक चकती घेतली होती. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, "गंजणार नाही. माझा शब्द." तो शब्द आता डब्यात तांबडा होऊन पडला होता.

मी निवृत्त मेटलर्जिस्ट. तीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये तुटलेले पार्ट तपासले. पार्ट का तुटला याचं खरं कारण शोधायचं आणि रिपोर्टमध्ये लिहायचं. त्याला आम्ही रूट कॉज म्हणतो. त्यापायी दोन बॉस माझ्याशी बोलेनासे झाले, पण मी कारण कधी बदललं नाही. निवृत्तीनंतर नारायणगावात छोटं वर्कशॉप टाकलं. परदेशातल्या डीलरकडून कागदपत्रांसकट उल्केचे तुकडे मागवतो, त्यांच्या पातळ चकत्या कापतो, पॉलिश करून विकतो. इथल्या शेतात सापडलेला दगड मात्र घेत नाही. खरी उल्का निघाली तर ती सरकारची. अर्थात तशी वेळ अजून आलेली नाही. आजवर लोकांनी आणलेल्या गोण्यांत आपला काळा पाषाणच निघाला आहे. मढचे एक पावणे तर जुन्या जात्याचा तुकडा घेऊन आले होते.

सचिनची चकती होती पॅलसाइटची. अर्धं लोखंड आणि निकेल, अर्धे मधाच्या रंगाचे स्फटिक. खिडकीशी धरली की लोखंडाच्या जाळीतून उजेड येतो. दुर्मिळ माल. पण ओल आणि मीठ मिळालं की लोखंड गंजतं. आकाशातून आलंय म्हणून त्याला सवलत मिळत नाही.

"मी शोकेसमध्ये काचेत ठेवली व्हती," सचिन म्हणाला. "कुणी हात पण लावला नाय. तुमचा मालच डुप्लिकेट असणार."

डुप्लिकेट म्हटल्यावर माझं डोकं सटकलं. या भागात हा धंदा करणारा मी एकटा. एकदा नाव खराब झालं की उरलेल्या चकत्या मीच बघत बसायच्या. मी चकती भिंगाखाली धरली. एका स्फटिकाच्या कडेला पिवळं काहीतरी होतं. ती हळद होती. तिच्याशेजारी कुंकू. आणि एका चिरेत चिंचेचा धागा.

मी भिंग खाली ठेवलं. "घरी येऊन शोकेस बघतो," एवढंच म्हणालो.

ओझरच्या घरात शोकेस ठणठणीत कोरडी होती. सचिनच्या आईने, आक्कांनी, चहा आणला. तेवढ्यात सचिनला फोन आला आणि तो अंगणात गेला. शेजारीच देवघर. त्यात देवांचे टाक, म्हणजे धातूच्या छोट्या पत्र्यांवरच्या मूर्ती, ओळीने मांडलेले. टाकांच्या मधोमध तांदळाची रास, आणि राशीवर चकतीच्या मापाचा गोल खळगा.

"आक्का, रोज आंघोळ घालता?"

आक्कांनी पदर सावरला. "रोज नुसतं पाणी वो, भाऊ. चिंच-मीठ फकस्त अवसंला. समद्या टाकांबरूबर उजळायचं."

"आणि सचिन यायच्या आधी?"

"शनवारी पुसून परत काचंत. त्याला न्हाई पटत आसलं." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वरनं आलेला दगूड. देवाच्या घरनंच आला ना? बिनआंघोळीचा कसा ठेवायचा? मंग एक दिस ताम्हनात तांबडं पाणी उतरलं. मला वाटलं, देवाला रगत आलं. लई भ्याले मी."

"मग काय केलंत?"

"मंग आजून घासला."

मला हसू आवरेना, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्याला सांगू नका, भाऊ. वरीसभर ओव्हरटाइम करून घेतलाय पोरानं. मीच नासवला."

सचिन आत आला. "काय सापडलं, काका?"

आक्का घाईने बश्या गोळा करायला लागल्या.

"लॅकर," मी म्हणालो. "गंज लागू नये म्हणून वरून देतो तो थर. माझ्याकडून पातळ बसला. चूक माझी. दुरुस्त करून देतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी खोटा रूट कॉज सांगितला. आक्कांनी मला दुसरा चहा आणला, त्यात साखर दुप्पट होती.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. एकदा आत शिरलेलं मीठ बाहेर यायला फार खळखळ करतं. चकती पुन्हा पुन्हा अल्कोहोलमध्ये भिजवायची, हलक्या हाताने गंज घासायचा, मंद आचेवर सुकवायची, मग लॅकर. घासताना तीन स्फटिक गळून पडले आणि तिथे आरपार भोकं राहिली. ते बघून मला खरंच वाईट वाटलं.

न्यायला आलेल्या सचिनने चकती खिडकीशी धरली, भोकं पाहिली. डबा बंद करताना म्हणाला, "लॅकर जाड लावलाय ना, काका? आई परत धुणार."

"आई धुते हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"कुंकू मलाबी दिसलं व्हतं," तो म्हणाला.

"मग मला डुप्लिकेट का म्हणालास?"

"त्याशिवाय तुमी घरी आला असता का? मी बोललो असतो तर आईनं आठ दिवस जेवण सोडलं असतं. तुमी परकं माणूस, तुमचं ऐकते." दारात तो थांबला. "मला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नका."

म्हणजे भिंगाखाली चकती होती, आणि तपासणी माझी चालली होती.

आता प्रत्येक चकतीसोबत मी एक कार्ड देतो; पहिलं आक्कांनाच नेऊन दिलं. त्यावर मराठीत छापलंय: पाणी, दूध, दही, चिंच, मीठ लावू नये. आणि गिऱ्हाइकाला आधी विचारतो, देवघर कोण बघतं? मग कार्ड त्या माणसाच्या हातात देतो.

यंदा दिवाळीच्या पहाटे फोन वाजला. आक्का होत्या.

"भाऊ, आज पयली आंघोळ. आज तरी घालू का?"

"तेल लावा, आक्का. शिलाई मशीनचं. एकच थेंब."

"आन पाणी?"

"पाणी नाही."

मग त्या म्हणाल्या, "बरं. पर सचिनला सांगू नका हां, मी इचारलं म्हून."

मागून सचिनचा आवाज आला, "आई, मशीनचं तेल कपाटात खालच्या खणात ठेवलंय."

माझ्या वहीत त्या चकतीपुढचा रूट कॉजचा रकाना मी अजून भरलेला नाही.