सतरा नंबरचा पेचकस

हवाई दलाच्या त्या तळावर मोजणीमास्तर नावाने ओळखला जाणारा एक मेकॅनिक होता. हे नाव त्याला कोणी प्रेमाने दिलेलं नव्हतं, चेष्टेने दिलं होतं. हँगरच्या भिंतीवर अवजारांचा मोठा फळा असायचा. फळ्यावर प्रत्येक अवजाराची लाल रंगात काढलेली आकृती आणि त्या आकृतीवर खिळ्याला टांगलेलं ते अवजार. पाने, पकडी, हातोड्या, पेचकस, सगळे मिळून चौसष्ट. लाल रंग उघडा दिसला की समजायचं, काहीतरी बाहेर राहिलंय, आणि बाहेर म्हणजे बहुतेक वेळा विमानाच्या पोटात. विमान सोडण्याआधी फळा एकदा मोजावा असा नियम होता. हा गृहस्थ तीनदा मोजायचा, तेही एकेका अवजाराला बोट लावून.

"मास्तर उडत्या पाखराची पिसंसुद्धा मोजतील," असं सोबतचे म्हणायचे. घरी बायको म्हणायची, "अहो, चमचे कुठे पळून जात नाहीत. आणि गेलेच, तर तुमच्या धाकाने संध्याकाळपर्यंत परत येतील." मास्तर हसायचा आणि चमचे मोजून डब्यात ठेवायचा. या मोजण्यामागचं कारण जगात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, अशी त्याची समजूत होती. अडतीस वर्षं तो त्या समजुतीत राहिला.

गोष्ट लढाईच्या दिवसांतली. मास्तर तेव्हा सव्वीस वर्षांचा, लग्नाला पाच महिने झालेले, आणि मास्तर हे नाव अजून पडायचं होतं. त्याच्या ताब्यात दोन लढाऊ विमानं होती. एकाचा वैमानिक अबोल, सडपातळ, चढताना तपासणीची यादी ओठातल्या ओठात म्हणणारा. तेच पुढे जनरल झाले, पण मास्तरच्या तोंडी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत 'साहेब'च राहिले. दुसऱ्या विमानाचा वैमानिक त्यांचा जिवलग दोस्त. त्याला सगळे 'हसरा' म्हणायचे. चहाचा कप अर्धाच पिऊन तो मास्तरच्या हातात द्यायचा आणि सांगायचा, "राखा हा. आल्यावर पितो." गार झालेला तो चहा तो खरोखर येऊन प्यायचा, वर मिटक्या मारायचा.

त्या सकाळी दोन्ही विमानांच्या कॉकपिटमध्ये काम निघालं. पायांच्या वरची, तबकड्यांची पट्टी उघडून तारा घट्ट करायच्या होत्या. त्यासाठी लागतो वीतभराहून लहान, काळ्या मुठीचा पेचकस. मुठीवर नंबर कोरलेला, सतरा. मास्तरने आधी साहेबांचं विमान केलं, मग हसऱ्याचं. हसऱ्याच्या पट्टीचे स्क्रू सैलच होते, ते त्याने बोटांनी काढले; पण बसवले ते बोटांनी की पेचकसाने, हे त्याला पुढे कधीच नक्की आठवलं नाही. तेवढ्यात भोंगा झाला. दोघे धावत आले, हसऱ्याने कप हातात कोंबला, आणि पाच मिनिटांत दोन्ही विमानं धावपट्टीवरून दिसेनाशी झाली.

मग मास्तर कप घेऊन फळ्यापाशी आला. सतरा नंबरची जागा लाल.

नियम सरळ होता: फोन उचलायचा, टॉवरला सांगायचं, टॉवर विमानं परत बोलावतो. त्याने कोरा फॉर्म काढला, 'हरवलेलं अवजार' असं वर छापलेला. फोनही उचलला. रिसीव्हर कानाला लागेपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे चौकशी उभी राहिली, कोर्ट उभं राहिलं, घरातली नवी बायको उभी राहिली. लढाईला निघालेली विमानं एका पेचकसासाठी परत बोलवायची का, असंही त्याने स्वतःला समजावलं, पण ती सबब होती. तो घाबरला होता, आणि घाबरला होता तो स्वतःसाठी. त्याने रिसीव्हर ठेवला. कोणी त्याची बाजू घेऊ नये, त्याने स्वतःही कधी घेतली नाही.

चाळीस मिनिटांनी एकच विमान परत आलं.

साहेब उतरले, कोणाकडे न बघता चालत निघून गेले. मास्तर त्या रिकाम्या कॉकपिटमध्ये शिरला आणि त्याने ते पिंजून काढलं. सीट काढली, तळाचा पत्रा उचलला, टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्यात डोकावला. पेचकस नव्हता. म्हणजे तो दुसऱ्या विमानात होता. दुसरं विमान शत्रूने पाडलं, असं सगळे सांगत होते. पण सैल पेचकस असलेलं विमान शत्रूला पाडावं लागतं का, हे फक्त मास्तर स्वतःला विचारत होता. संध्याकाळी त्याने तो कप धुतला. रात्र होण्याआधी गोदामातून तसाच एक पेचकस आणून, मुठीवर सतरा कोरून, फळ्यावर टांगला. कोरा फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. त्या दिवसापासून त्याच्या तोंडाला कुलूप लागलं आणि हाताला मोजायची सवय.

साहेबांना त्या दिवसाचं पदक मिळालं, दोन विमानं एकट्याने पाडल्याचं. नंतर पदकं येतच गेली. एका पुरात त्यांनी नऊ दिवस स्वतः विमान चालवून धान्याची पोती टाकली, त्याचं एक. जळत्या इंजिनासकट विमान धावपट्टीवर आणून टेकवलं, त्याचं एक. पस्तिसाव्या वर्षी तुकडीचे प्रमुख, मग वैमानिकांच्या शाळेचे प्रमुख, मग तळाचे, मग जनरल. म्हातारी झालेली विमानं उडवायला पोरं पाठवणार नाही, असं मंत्र्यांच्या तोंडावर सांगून त्यांनी अख्खा ताफा जमिनीवर बसवला. दोन वर्षं त्यांची बढती अडली, पण विमानं बदलली. छातीवर फितींच्या चार ओळी झाल्या. त्यात एक गंमत होती. ते पहिलं पदक मानाने सगळ्यांत वरचं, पण साहेब ते शेवटच्या ओळीत लावायचे. मदतनीस अधिकारी दरवेळी चूक दाखवायचा, साहेब दरवेळी म्हणायचे, "राहू दे."

आणि जिथे साहेब तिथे मास्तर. दर बदलीला साहेब त्याला मागून घ्यायचे. लोक म्हणायचे, मास्तरने काय नशीब काढलंय! मास्तरला मात्र ती शिक्षा वाटायची, कारण विमानात चढताना साहेब दरवेळी एकच विचारायचे.

"मोजलं का, मास्तर?"

"मोजलं, साहेब."

बाकीचे हसायचे. त्यांना ती थट्टा वाटायची. मास्तरच्या डोक्यात मात्र शंका घोळायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं. यांना कळलंय का? मग बोलत का नाहीत? पण साहेबांचा चेहरा ताकास तूर लागू द्यायचा नाही.

जनरल झाल्यावर साहेबांनी पहिलाच हुकूम काढला. फळ्यावर एकही जागा रिकामी दिसली, तर कोणत्याही मेकॅनिकने कोणालाही न विचारता टॉवरला फोन करावा, विमानं परत येतील, आणि फोन करणाऱ्याला कसलीही शिक्षा होणार नाही. सगळे त्याला 'मास्तरचा नियम' म्हणायला लागले. हँगरात तो हुकूम मोठ्याने वाचून दाखवायचं काम मास्तरकडेच आलं. त्याने वाचला. शेवटच्या ओळीला थांबून पाणी प्यायला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

दोघेही निवृत्त झाले. मग एका सकाळी साहेबांच्या पत्नीचा फोन आला. "मास्तर, यांची छाती आता काही साथ देत नाही. डॉक्टरांनी दिवसांचीच भाषा केलीय. तुमची आठवण काढतायत. याल का?"

मास्तरने कपाटातून जुनी वही काढली. तिच्यात तो फॉर्म होता, घडीवर पिवळा पडलेला. बायकोने विचारलं, "हा कसला कागद?"

"राहिलेलं काम आहे," तो म्हणाला.

साहेबांची खोली लहान होती. पलंग, प्राणवायूचं नळकांडं, औषधांचं टेबल, खिडकीशी खुर्ची. भिंतीवर पदकं नव्हती, एकही नाही. साहेबांच्या पत्नी दोघांना चहा देऊन बाहेर गेल्या. मास्तर खुर्चीच्या कडेला टेकला आणि चहाला हात न लावता बोलायला लागला, कारण थांबला असता तर पुन्हा अडतीस वर्षं गेली असती, आणि तेवढी आता दोघांकडेही नव्हती. फळा सांगितला, फोन सांगितला, गोदामातला पेचकस सांगितला.

"साहेब, तुमच्या दोस्ताला शत्रूने नाही मारलं. मी मारलं. माझा पेचकस त्याच्या विमानात राहिला होता."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना धक्का बसला होता.

"अडतीस वर्षं तुम्ही हे धरून बसलात?" ते म्हणाले. "अहो, मास्तर... टेबलाचा खालचा खण उघडा."

खणात रुमालात गुंडाळलेली वस्तू होती. काळी मूठ. सतरा.

"माझ्या विमानात होता," साहेब म्हणाले. "सीटखाली. उतरताना दिसला, खिशात टाकला. कोणाच्या हाती लागला असता तर तुम्ही तुरुंगात गेला असता. दुसऱ्या दिवशी फळा बघायला आलो, तर सतरा नंबर जागेवर. म्हटलं, याने झाकलंय, आपण कशाला उघडायचं? तुम्ही त्याच्या विमानाचा विचार करत असाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही मारलं नाहीत त्याला."

मास्तरचा जीव भांड्यात पडला. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं, बायकोला फोन करावासा वाटला. त्याने पेचकस हातात घेतला, नुसता धरायचा म्हणून. पण हात मेकॅनिकचा. अंगठा आपसूक मुठीवरून फिरला आणि दांडीवर येऊन थांबला. दांडी वाकलेली होती. मुठीवर दोन खोल दाब होते, समोरासमोर, कशात तरी चिमटून आल्यासारखे.

त्या विमानातली प्रत्येक फट त्याला पाठ होती. असा चिमटा बसायला जागा एकच.

त्याने फॉर्म उलगडला, मांडीवर वही ठेवली आणि रकाने भरायला घेतले. अवजार: पेचकस. नंबर: सतरा. हरवल्याची तारीख. कोणाच्या चुकीमुळे: तिथे स्वतःचं नाव. पुढचा रकाना होता, कुठे सापडलं. तिथे पेन थांबलं.

"सीटखाली लिहा की," साहेब म्हणाले.

"साहेब, सीटखाली असा दाब येत नाही."

साहेबांनी डोळे मिटले.

"विसरलोच," ते म्हणाले. "तुम्ही बोट लावून मोजता." मग डोळे न उघडता म्हणाले, "लिहा. डाव्या पेडलखाली."

मास्तरने लिहिलं.

"तो ओरडला, डावीकडे ये, माझ्या मागे लागलाय. वळायला मी डावं पेडल दाबलं. दबेना. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा लाथच घातली, तेव्हा सुटलं. वळलो, तर तो पेटलेला होता. मग ज्याने पेटवला त्याला पाडलं, त्याच्या जोडीदारालाही पाडलं, आणि त्याचं पदक घेतलं." साहेबांना धाप लागली, पण ते थांबले नाहीत. "तुमच्या नोकरीसाठी गप्प बसलो, हे खरं आहे. पण पेचकसाची गोष्ट निघाली असती तर पदकाचीही निघाली असती, हेही मनात होतं. आता खोटं कशाला बोलू? सगळा दोष एकट्याच्या अंगावर नका घेऊ, मास्तर."

"मोजलं का, असं विचारायचात तुम्ही," मास्तर म्हणाला.

"विचारायचो. तुम्ही सांगाल म्हणून. तुम्ही सांगितलं असतं, तर मीही सांगितलं असतं."

दोन म्हातारे एकमेकांसमोर रडले. मास्तर तोंडावर रुमाल धरून रडला, साहेबांना रुमालापर्यंत हात नेता येईना, तर मास्तरने उठून त्यांचे डोळे पुसले. चहा दोघांचाही तसाच गार झाला होता. मास्तरने स्वतःचा कप उचलला आणि तो गार चहा पिऊन टाकला.

शेवटचा रकाना राहिला होता: परिणाम. सगळ्या नोकरीत मास्तरने असे वीस-पंचवीस फॉर्म भरले असतील, आणि प्रत्येकावर या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं होतं. आता त्याला काय लिहावं सुचेना.

साहेबांनी हात पुढे केला. मास्तरने वही त्यांच्या छातीवर धरली, पेन बोटांत दिलं. त्यांनी सावकाश लिहिलं, 'तीन सेकंद.' थोडं थांबून पुढे हसऱ्याचं नाव लिहिलं, टोपणनाव नाही, खरं. खाली सही केली आणि सहीखाली हुद्दा लिहिला, तो जनरलचा नव्हता, त्या सकाळचा होता.

"एक प्रत मुख्यालयाला," ते म्हणाले. "ते पदक वरच्या खणात आहे, तेही सोबत पाठवा. एक प्रत हसऱ्याच्या बहिणीला. पोस्टाने नको. तुम्ही स्वतः जा."

"जातो, साहेब."

"काय सांगाल?"

मास्तरने पेचकस रुमालात गुंडाळला, फॉर्म वहीत ठेवला, वही बगलेत धरली.

"जे लिहिलंय तेच," तो म्हणाला. "आणि सांगेन, कप मी राखला नाही. त्याच संध्याकाळी धुऊन टाकला."