निधनाच्या पानासाठी

"तुमच्या साईटवर मानसं मरत न्हाईत व्हय?"

इराप्पा अण्णांनी आमच्या कार्यालयात पाऊल टाकताच विचारलेला हा पहिला प्रश्न. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. कोल्हापुरातल्या एका दैनिकाची वेबसाईट मी एकटी सांभाळायची आणि त्या कामाला मालकांनी जिन्याखालची खोली दिली होती, त्यावरून काय ती किंमत समजा. दारात धोतर, काळी टोपी घातलेला सत्तरीचा उंच माणूस उभा, हातात पांढरी काठी, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरची माणसं कठड्यावरून वाकून बघायला लागली.

अण्णा मूळचे नेसरीचे, बी-बियाण्यांचे व्यापारी. काचबिंदूने डोळे गेले तसं दुकान मोडून ते कसबा बावड्याला मुलाकडे आले. तिथे एका अंध शिक्षकाकडून हट्टाने संगणक शिकले. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यात होतं. त्याचा आवाज हिंदी वळणाचा, गडहिंग्लजचा उच्चार तर ऐकवत नसे. अण्णांचं मात्र त्याच्यावर प्रेम. म्हणायचे, "वाकडं बोलतंय, पन गाळत न्हाय."

आमच्या बातम्या त्या सॉफ्टवेअरला वाचता येत. निधनाचं पान मात्र आम्ही छापील पानाचा फोटो काढून चढवायचो. डोळस माणसाला फरक कळत नाही; त्या सॉफ्टवेअरला तिथे अक्षरंच दिसत नाहीत. ते फक्त 'चित्र' म्हणतं आणि पुढे सरकतं. साईटवर तक्रारीची सोय होती, पण तक्रार पाठवण्याआधी चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहावी लागत. म्हणून अण्णा बस पकडून स्वतः आले होते.

निधनाचं पानच कशाला, असं मी विचारलं, तेव्हा ते काठी टेबलाला टेकवून बसले आणि दत्तोबांविषयी बोलायला लागले. दत्तोबा त्यांचा आठवडी बाजारातला भागीदार. सगळी हयात दोघांनी एका गाडीतून बाजार केले. दत्तोबा गेले, ते पेपरात आलं, उद्या सकाळी रक्षाविसर्जन हेही आलं. पेपर वाचून दाखवणाऱ्या सुनेने तेवढं पान उलटलं. अण्णांचं ब्लडप्रेशर वाढेल म्हणून घरात तसं ठरलं होतं. पुढे कितीतरी दिवस अण्णा दत्तोबाला शिव्या घालत होते, साधा फोन करत नाही म्हणून.

आमच्याकडे लग्न चुकवलं तर माफी असते, रक्षाविसर्जन चुकवलं तर नाही. अण्णा म्हणाले, "आम्ही लिंगायत, आमच्यात माती देत्यात, रक्षा नसती. पन दोस्ताच्या रक्षेला उभा ऱ्हायलो न्हाय तर मी मानूस कसला? सुनेचा राग न्हाय. चांगली हाय पोरगी. पन वाचून दाखवनाऱ्याची दया लई वाईट असती, बाई."

मी त्यांना साहेबांकडे घेऊन गेले. साहेब म्हणजे मालकांचे पुतणे, पुण्याला शिकून आलेले. त्यांनी चहा मागवला, अण्णांचं वय विचारलं, आणि गोड आवाजात म्हणाले की घरी सून आहे ना, ती वाचून दाखवेल.

"सून हाय म्हनूनच आलोय की," अण्णा म्हणाले.

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं की एका आंधळ्या माणसासाठी रोज ते पान कोण पुन्हा टाईप करत बसणार. मी करते म्हटलं. तर म्हणाले, तुझी कामं वेगळी आहेत.

माझी कामं काय होती तेही सांगते. नवरात्रात साईटवर हलती समई लावणे, हवामानाचे सरकते ढग बसवणे, मालकांच्या वाढदिवसाला फुलं पाडणे. दर दिवाळीला साईटचा नवा थाट व्हायचा आणि दरवेळी मी निधनाच्या पानाचा विषय काढायचे. पालथ्या घड्यावर पाणी. ढगांना माणूस मिळायचा, मेलेल्यांच्या नावांना मिळत नव्हता. आजही आठवलं की डोकं फिरतं.

अण्णा महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, पुढे गुडघे धरल्यावर फोन करायचे. मी सकाळी फोनवर वाचून दाखवते, असं एकदा सुचवलं. ते तयार झाले. पहिल्याच दिवशी एका लहान मुलीचं निधन होतं. मी क्षणभर अडखळले.

"बघा, थांबलासा," ते शांतपणे म्हणाले. "उद्या गाळशीला. ऱ्हाऊ दे."

त्यानंतर त्यांनी मला वाचू दिलं नाही. मधल्या काळात त्यांचे सोबती एकेक करून जात राहिले. कुणाचं तरी लांबून, उशिरा कानावर यायचं. मग फोन यायचा: "पांडबा गेला म्हनं. तुमच्या पेपरात आलतं काय?" आलेलं असायचं. मी हो म्हणायचे आणि ते रक्षाविसर्जन कधी झालं तेवढं विचारून फोन ठेवायचे.

दशक संपता संपता ते पान एकदाचं सुधारलं. अण्णांमुळे नव्हे. परदेशातल्या मुलांना आपल्या नातेवाइकांची नावं इंटरनेटवर शोधून सापडत नाहीत, अशी ओरड जाहिरात विभागाकडे झाली आणि चार दिवसांत सगळी व्यवस्था लागली. इतकी वर्षं जे शक्य नव्हतं ते चार दिवसांत. साहेबांनी पेढे वाटले. मी तो पेढा खाल्ला नाही.

अण्णांना मात्र लगेच फोन केला. उद्यापासून वाचता येईल, सगळं, न गाळता. त्यांनी "बरं" म्हटलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज पहिल्यासारखा मोठा नव्हता.

"वाचलं, बाई. सगळं वाचलं. येकाचंबी नाव वळखीचं न्हाय."

मी म्हटलं, बरंच झालं की अण्णा.

"बरं कसलं? माझ्या वळखीची समदी तुमच्या फोटोतच गेली."